कपाशीतली तुरीची ओळ

माहेरचं वावर समृद्धी महामार्गात गेलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. सेलू तालुक्यातल्या त्या धुऱ्यावर आम्ही बोरं वेचायचो, तिथून आता गाड्या भरधाव जातात. मोबदल्याचे पैसे दादानं बँकेत ठेवले होते. गेल्या भाऊबीजेनंतर त्यानं माझ्या हिश्श्याचे आठ लाख माझ्या खात्यात टाकले. मैत्रिणींनो, घरखर्चाचे पैसे आजवर हातातून खूप गेले. पण ‘हे माझे’ म्हणावेत असे एवढे पैसे पहिल्यांदाच आले.

आणि लगेच सल्ले सुरू झाले! हे म्हणाले, एफडी कर. शेजारच्या काकू म्हणाल्या, सोनं घे. दादाचा मुलगा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याचा फोन आला, “आत्या, सगळे अमेरिकेच्या नॅसडॅक फंडात टाक आणि वीस वर्षं विसरून जा.”

पूर्वी एका एजंटच्या गोड बोलण्यावर पॉलिसी घेऊन मी चांगलीच पस्तावले होते. म्हणून या वेळी ठरवलं, आधी समजून घ्यायचं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, आकड्यांशी जुनं वैर. तरी एक दोनशेपानी वही केली.

इंडेक्स फंड मात्र वाटला होता तेवढा अवघड निघाला नाही. सेन्सेक्समध्ये ३० कंपन्या असतात, निफ्टीत ५०. इंडेक्स फंड त्याच कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेतो. कोणता शेअर वर जाईल हे ओळखण्याची हुशारी कोणी दाखवायची नसते, म्हणून खर्च कमी. अमेरिकेत जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये सामान्य माणसासाठी असा फंड काढला, तेव्हा लोक त्यांना हसले होते.

पण मग परदेशात कशाला जायचं? याचं उत्तर मला पुस्तकात नाही, आपल्या जिल्ह्यातच सापडलं. आपलं घर, शेती, दुकान, नवऱ्याची नोकरी, सगळं इथेच. दोन-अडीच तासांच्या परिघात म्हणा ना! एक वर्ष बोंडअळी आली की शेतकरी, कापड दुकानदार, ट्यूशनवाल्या बाई, सगळ्यांचंच बिघडतं. जगापासून आपण सुटलेलो आहोत असंही नाही. इंग्रजांच्या काळात आपला कापूस लिव्हरपूलच्या बाजारात ‘हिंगणघाट’ याच नावानं ओळखला जायचा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला, तसे इकडे भाव चढले. युद्ध संपलं तसे कोसळलेही. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी काढलं, तेव्हा आपल्याकडे काय काळजी पसरली ते तुम्हाला आठवत असेलच. म्हणजे जगाचा तोटा आपल्या दारात येतोच. मग जगाच्या वाढीत थोडा वाटा का असू नये?

आईला हे सांगितलं. ती ऐंशीच्या घरातली, आयुष्य वावरात गेलेलं. म्हणाली, “कपाशीत तुरीची ओळ टाकतो तसं म्हण ना बाप्पा! पण साऱ्या वावरात तूर काहून पेरतं?”

भाच्याचं चुकत होतं ते नेमकं इथे. गेल्या काही वर्षांचा परतावा पाहून तो बोलत होता. नॅसडॅक १०० मध्ये बँका वगैरे नसतात, भर तंत्रज्ञान कंपन्यांवर. मार्च २००० मध्ये तो शिखरावर होता. ऑक्टोबर २००२ पर्यंत शंभराचे वीसही उरले नाहीत. जुनी उंची पुन्हा दिसायला २०१५ उजाडलं. जपानचं तर विचारूच नका. तिथला निक्केई डिसेंबर १९८९ मध्ये जिथे होता, तिथे परत यायला फेब्रुवारी २०२४ लागला. चौतीस वर्षं! तेवढ्या काळात घरात आलेल्या सुनेची सासू होते.

म्हणून मी मागच्या वर्षी कोण पहिला आला हे पाहणंच सोडलं. फंड किती रुंद आहे आणि त्याचा खर्च किती, एवढंच पाहिलं. अमेरिकेतल्या सगळ्या प्रकारच्या पाचशे मोठ्या कंपन्यांचा एस अँड पी ५०० मला नॅसडॅकपेक्षा बरा वाटला. अर्थात त्यातही पहिल्या दहा कंपन्यांचाच वाटा तिसऱ्या हिश्शाहून जास्त आहे, हे वहीत लाल पेननं लिहून ठेवलंय.

खर्चाचं गणित मुलीकडून करून घेतलं. एक लाखावर दरवर्षी १० टक्के मिळाले असं धरलं (मिळतीलच असं नाही), तर वीस वर्षांत सुमारे ६ लाख ७२ हजार होतात. एक टक्का खर्चात गेला तर ५ लाख ६० हजार. एका टक्क्यात लाखाच्या वर गेले! म्हणून कमिशन नसलेला डायरेक्ट प्लॅन घेतला. ही सोय जानेवारी २०१३ पासून आहे.

आणखी काही गोष्टी कोणी सांगत नाही. आपल्या शेअर फंडांना वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर करमाफी असते, ती या फंडांना नाही. दोन वर्षांनंतर विकला तर साडेबारा टक्के कर. परदेशी गुंतवणुकीला सगळ्या म्युच्युअल फंडांची मिळून ७ अब्ज डॉलरची मर्यादा आहे. ती भरत आली म्हणून २०२२ च्या सुरुवातीला नवे पैसे घेणं थांबलं होतं. पुढे मोकळीक मिळाली, तरी काही योजनांचं दार मधूनच बंद होतं. अशा वेळी घाईनं बाजारातून ईटीएफ घेऊ नका, त्याचा भाव आतल्या शेअर्सच्या किमतीहून बराच चढलेला असू शकतो. आणि डॉलर. २००५ मध्ये सुमारे ४४ रुपयांचा होता, वीस वर्षांत ८५ च्या वर गेला. आजवर त्याचा फायदाच झाला, पण रुपया मधेच सावरला तर तेवढा नफा कमी होणार.

शेवटी वाटणी अशी केली. अडीअडचणीला दीड लाख एफडीत. मुलीच्या पुढच्या शिक्षणाचे अडीच लाखही बँकेतच, कारण ते तीन वर्षांत लागणार. तीन लाख आपल्या निफ्टीच्या फंडात. उरला एक लाख, तो परदेशी फंडात, दरमहा पाच हजारांनी, किमान पंधरा वर्षांसाठी. भाचा थोडा हिरमुसला. नॉमिनीच्या रकान्यात मुलीचं नाव लिहिलं.

पहिल्याच महिन्यात पाच हजारांचे चार हजार आठशे दिसले. हे काही बोलले नाहीत, नुसतं चष्म्यावरून पाहिलं. पुढचा हप्ता दहा तारखेला गेला.