हीटर रांगेत शेवटचा

हॉटेलमधून फोन येतो तेव्हा निदान आधीच झालेलं असतं. ‘दादा, ओव्हन तापत नाही, हीटर गेलाय, नवा घेऊनच या.’ व्यावसायिक किचनची यंत्रं दुरुस्त करणं हा माझा धंदा. पिझ्झाच्या कन्व्हेयर ओव्हनबाबत हे निदान बहुतेक वेळा चुकतं.

या ओव्हनमध्ये जाळीचा पट्टा संथपणे सरकत असतो. कच्चा पिझ्झा एका तोंडाने आत जातो, वरून-खालून गरम हवेचे झोत खातो आणि भाजून दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतो. विजेवर चालणाऱ्या बहुतेक मॉडेलांत हीटरला वीज मिळण्याआधी बऱ्याच गोष्टी जुळाव्या लागतात. ब्लोअर फिरला पाहिजे आणि हवेचा दाब आहे याची खात्री एअर स्विचला पटली पाहिजे. तापमान हाताबाहेर गेलं की तोडणारा हाय लिमिट जोडलेला पाहिजे. मग थर्मोकपलचं रीडिंग बघून कंट्रोलर कॉन्टॅक्टर ओढतो आणि तेव्हा कुठे हीटर तापतो. इतक्या लांब रांगेत शेवटी उभ्या असलेल्यावर पहिला आळ का घ्यायचा?

सगळ्यात जास्त राग मला ‘डायरेक्ट’ करण्याचा येतो. पुण्यातल्या एका दुकानात एअर स्विचच्या दोन्ही वायरी पिळून, वर टेप गुंडाळलेली सापडली. ओव्हन तापत नव्हता म्हणून कुणीतरी स्विच ‘खराब’ ठरवून काढून टाकला होता. स्विच ठणठणीत होता. ब्लोअरच्या पात्यांवर मैदा आणि तूप यांचा बोटभर थर बसला होता, हवा पुरत नव्हती आणि तो तेच सांगत होता. हवा नसताना वीज दिली की हीटर लालभडक होतो, त्याची नळी फुगते, तडकते. हाय लिमिट पुन्हा पुन्हा उडतो तेव्हाही त्याचं बटण दाबत बसू नये. त्याच्यापर्यंत एवढी उष्णता का आली ते शोधावं.

ओव्हन तापतो, पण गर्दीच्या वेळी पिझ्झा कच्चा निघतो, ही तक्रार वेगळी. इथे मी आधी तिन्ही फेज बघतो. समतोल डेल्टा जोडणीत एक फेज गेला की हीटरची ताकद निम्मी होते. रिकामा ओव्हन हळूहळू का होईना, तापमान गाठतो, त्यामुळे डिस्प्लेवर सगळं आलबेल दिसतं. ओळीने पिझ्झे सुरू झाले की दम लागतो.

फेज पॅनेलपर्यंत येतोय, हीटरचं रेझिस्टन्सही बरोबर आहे (२३० व्होल्टच्या ३ किलोवॅट हीटरचं साधारण साडेसतरा ओहम), मग अडतं कुठे? कॉन्टॅक्टरमध्ये. नुसतं व्होल्टेज मोजून हे सापडत नाही, कारण लोड नसताना जळका कॉन्टॅक्टही पूर्ण २३० दाखवतो. म्हणून ओव्हन चालू ठेवून मीटरची एक पिन त्याच कॉन्टॅक्टच्या वर आणि दुसरी खाली लावायची. जोडलेल्या कॉन्टॅक्टवर जवळजवळ शून्य यायला हवं. २० व्होल्ट आले, तर १३ अँपिअरला तिथे २६० वॅट उष्णता तयार होतेय, नखाएवढ्या जागेत! उघडून बघितलं की काळी पडलेली चांदी आणि पिवळं झालेलं प्लास्टिक दिसतं. शेजारचा लगही बहुधा ढिला असतो. ही चाचणी जिवंत विजेवरची आहे, ती जाणत्यानेच करावी. बाकी सगळं काम मेन बंद करून, त्याला कुलूप लावूनच.

पावसाळ्यात दुसरीच तऱ्हा. चार दिवस दुकान बंद राहिलं की ओव्हन चालू करताच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडतो. हीटरच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते. टोकाचं सील गेलं की ती हवेतली ओल शोषते आणि करंट बॉडीकडे गळतो. आरसीसीबी काढून टाकणं हा जिवाशी खेळ आहे. हीटर सुटा करून मंद आचेवर काही तास सुकवला आणि ५०० व्होल्टच्या मेगरने तपासला, तर पुष्कळदा तो सावरतो. एक मेगओमच्या वर चढलाच नाही, तर मात्र बदलावा.

मला फोन कराल तेव्हा एवढं बघून ठेवा: पट्टा फिरतोय का, ब्लोअरचा आवाज नेहमीसारखा आहे का, डिस्प्लेवर काय लिहून येतंय आणि बिघाड ओव्हन थंड असताना होतो की तासभर चालल्यावर. यावरून कुठला पार्ट पिशवीत टाकायचा ते मला निघतानाच कळतं आणि तुमचा संध्याकाळचा धंदा बुडत नाही.