लहान जठर व घरचा आग्रह

स्थूलता ही व्याधि आमच्या वैद्यकास अपरिचित नाहीं. चरकसंहितेंत अतिस्थूल मनुष्याची गणना आठ निंदित पुरुषांत केली असून आयुष्याचा ऱ्हास, दौर्बल्य, अतिक्षुधा व अतितृषा हे त्याचे दोष सांगितले आहेत. नवीन आहे तो शस्त्राचा उपाय. अमेरिकेंत डॉ. एडवर्ड मेसन यांनीं १९६६ सालीं जठराच्या 'बायपास' शस्त्रक्रियेस आरंभ केला. आपल्याकडे २०११ सालीं श्री. नितीन गडकरी यांनीं मुंबईस वजन उतरविण्याची शस्त्रक्रिया करवून घेतली. आज नांदेड-लातूरकडील एखादी गृहिणी ती करवून घरीं परतते, तेव्हां पुढील जबाबदारी बऱ्याच अंशीं स्वयंपाकघरावर येते. त्या स्वयंपाकघरासाठींच आम्ही हे चार शब्द लिहीत आहों.

'स्लीव्ह' प्रकारांत जठराचा पाऊण भाग किंवा त्याहूनही अधिक काढून केवळ अरुंद नळी ठेवतात. 'बायपास'मध्यें जठराच्या वरच्या टोकाची लहानशी पिशवी करून ती लहान आंतड्यास जोडतात. म्हणून पहिले सुमारें दोन आठवडे पातळ ताक, दूध, वरणाचें पाणी असें द्रव अन्नच द्यावें. पुढें घोटलेलें वरण, मग मऊ पदार्थ, आणि साधारण दोन महिन्यांनीं नेहमींचें अन्न. शस्त्रवैद्यानें निराळा क्रम सांगितल्यास तोच प्रमाण मानावा. घास बारीक चावावा. जेवतांना पाणी पिऊं नये. अर्ध्या तासानें प्यावें. मात्र मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत तांब्याभर पाणी एकदम पिणें अशा मनुष्यास शक्य नसल्यामुळें दिवसभर घोट घोट पाणी पोटांत गेलेंच पाहिजे.

लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत प्राध्यापक असतांना डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं, कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारास अनुसरून, दिवसांतून दोनच वेळां व प्रत्येक वेळीं ५५ मिनिटांच्या आंत जेवण्याचा प्रचार केला, हें वाचकांस विदित आहेच. त्या पद्धतीच्या गुणदोषांचा विचार येथें कर्तव्य नाहीं. परंतु शस्त्रक्रिया झालेल्यास घरांतील कोणीही तो उपदेश करूं नये. ज्याच्या पोटांत एका वेळीं अर्धी-पाऊण वाटीच मावते, त्याचें पोषण दोन जेवणांत कसें व्हावें? त्यानें दिवसांतून पांच-सहा वेळां थोडें थोडें खाल्लें पाहिजे. निर्जळ एकादशीही अशा मनुष्यानें धरूं नये.

त्यास दररोज निदान ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिनें लागतात. वाटीभर वरणांतून जेमतेम पांच-सात ग्रॅम मिळतात. शाकाहारी घरांत हा हिशेब सुगृहिणीनें ठेवलाच पाहिजे. पानांत प्रथम घट्ट वरण, पनीर, दही, मुगाचें धिरडें वाढावें, भात मागाहून. जीवनसत्त्व बी-१२ वनस्पतींत नसतें, आणि तें शरीरांत शोषलें जाण्यास जठराचाच एक स्राव लागतो. त्यामुळें बी-१२, लोह व कॅल्शियम हीं जन्मभर घ्यावीं लागतात. "वजन उतरलें, आतां गोळ्या कशाला?" हा प्रश्न घातक आहे. वारंवार उलट्या होऊं लागल्यास बी-१ जीवनसत्त्व घटून मेंदूस व मज्जातंतूंस इजा होते. तेव्हां ओवा-सुंठ देत न बसतां त्वरित डॉक्टरांकडे न्यावें.

आतां मुख्य गोष्ट आग्रहाची. "एवढी एक पुरणपोळी तरी!" असें म्हणून वाढणारा हात प्रेमाचा असतो खरा; पण बायपास झालेल्यास गोडामुळें धडधड, घाम व चक्कर येऊं शकते. वाग्भटानें अष्टांगहृदयांत पोटाचे दोन भाग अन्नानें व एक पाण्यानें भरून चौथा वायूकरितां मोकळा ठेवावा, असें सांगितलें आहे. आग्रहाची मर्यादा याप्रमाणें आपल्या शास्त्रांतच आहे. अशा मनुष्यास निराळें, एकटें जेवावयास बसवूं नये. त्यास सर्वांसमवेत पंगतीस घ्यावें, लहान वाटी व हवा तेवढा वेळ द्यावा, आणि त्यानें "पुरे" म्हटलें कीं वाढणाऱ्यानें पुढच्या पानाकडे वळावें.