तारापूर-केळवे किनारा

तारापूर-केळवे किनारा हा महाराष्ट्र राज्याच्या पालघर जिल्ह्यातील अरबी समुद्रालगतचा ऐतिहासिक पट्टा आहे. दक्षिणेकडून उत्तरेकडे केळवे, माहीम, शिरगाव, सातपाटी व तारापूर ही त्यातील प्रमुख गावे होत. खाडीपलीकडील चिंचणी हे गाव डहाणू तालुक्यात मोडते. पालघर व बोईसर ही या पट्ट्याची रेल्वेस्थानके असून ती किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत आहेत. पोर्तुगीज काळातील दुर्ग, मासेमारी बंदरे, पानवेलीच्या व नारळाच्या वाड्या आणि सुरूची बने यांमुळे मुंबई परिसरातील पर्यटक येथे येतात. त्यांपैकी बहुतेक जण केळव्याच्या किनाऱ्यावरूनच परततात आणि तारापूरचा जुना गाव व शिरगावचा किल्ला पाहायचा राहून जातो.

नावाविषयी

'तारापूर' हे नाव आज तीन निरनिराळ्या ठिकाणांना लावले जाते. तारापूर औद्योगिक वसाहत प्रत्यक्षात बोईसरला आहे. तारापूर अणुवीज केंद्र अक्करपट्टी व घिवली या गावांजवळ समुद्रकाठी आहे. मूळ तारापूर हे बंदराचे गाव या दोहोंपासून वेगळे, खाडीच्या दक्षिण तीरावर वसलेले आहे. देशातील पहिले अणुवीज केंद्र म्हणून हे नाव १९६९ पासून पाठ्यपुस्तकांत गेले आणि त्याच्या मागे जुना गाव झाकला गेला. अणुवीज केंद्र पर्यटनस्थळ नाही. पूर्वपरवानगीशिवाय तेथे प्रवेश मिळत नाही.

माहीमच्या बाबतीतही असाच घोळ होतो. मुंबईतील माहीमपासून वेगळे ओळखता यावे म्हणून या गावास 'केळवे-माहीम' असे जोडनावाने संबोधतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'महिकावतीची बखर' या ग्रंथातील महिकावती नगरीशी दोन्ही माहीमांचा संबंध जोडला जातो. केळवे-माहीम येथे महिकावती देवीचे मंदिर आहे. इंग्रजी अमदानीत हे गाव तालुक्याचे ठिकाण होते. पुढे रेल्वेमार्गावरील पालघरला महत्त्व आले आणि तालुक्याचे नावही पालघर झाले.

इतिहास

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ मध्ये वसई व तिचा मुलूख पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. त्यानंतर वसईपासून दमणपर्यंतचा किनारा 'उत्तर फिरंगाण' म्हणून त्यांच्या अमलाखाली राहिला. प्रत्येक खाडीच्या तोंडाशी व महत्त्वाच्या गावाजवळ लहान-मोठे कोट, बुरूज व चौक्या उभ्या राहिल्या. केळवे-माहीम परिसरात एवढ्या थोड्या अंतरात इतके कोट का आढळतात, याचे उत्तर खाडीतून होणाऱ्या व्यापारावर व जकातीवर नजर ठेवण्याच्या या व्यवस्थेत आहे.

वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी वसईवर निर्णायक घाव घालण्यापूर्वी हे उत्तरेकडील कोट एकामागून एक घेतले, कारण दमणकडून वसईला मिळणारी मदत तोडणे आवश्यक होते. चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १७३९ मध्ये माहीम, केळवे व शिरगाव मराठ्यांच्या हाती आले आणि त्याच महिन्यात तारापूरला वेढा पडला. तारापूरचा कोट सहजासहजी पडला नाही. तटाला सुरुंग लावून व शिड्या लावून केलेल्या निकराच्या हल्ल्यात तो जिंकला गेला. पेशव्यांचे विश्वासू सरदार बाजी भिवराव रेठरेकर या हल्ल्यात गोळी लागून पडले. वसई त्यानंतर मे महिन्यात शरण आली. वसईच्या विजयाचे वर्णन करणाऱ्या पुस्तकांत तारापूरला बहुधा एखाद-दुसरे वाक्य मिळते. मात्र वसईची कोंडी या किनाऱ्यावर झाली होती.

मराठेशाहीच्या अस्तानंतर हा प्रदेश इंग्रजांकडे गेला. एकोणिसाव्या शतकात निजामाच्या राज्यात मोठी सावकारी करणारे विकाजी व पेस्तनजी मेहेरजी हे पारशी बंधू तारापूरच्या घराण्यातील होते. 'तारापोरवाला' हे पारशी आडनावही याच गावावरून आले आहे.

१४ ऑगस्ट १९४२ रोजी 'चले जाव' आंदोलनाच्या काळात पालघर येथे मोर्चावर झालेल्या गोळीबारात परिसरातील पाच जणांना हौतात्म्य आले. शहरातील हुतात्मा स्तंभ त्यांच्या स्मरणार्थ उभारलेला आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला.

पाहण्यासारखी ठिकाणे

शिरगावचा किल्ला या पट्ट्यातील सर्वांत चांगल्या स्थितीतील किल्ल्यांपैकी एक आहे. त्याचे प्रवेशद्वार, बुरूज व तटावरील फेरी अजून शाबूत असून तटावरून समुद्र व गाव दोन्ही दिसतात. किल्ल्यात फांद्या फुटलेला रावणताड आहे. एरवी ताडाला फांद्या नसतात, त्यामुळे पाहणारे थबकतात.

केळव्याचा भुईकोट किनाऱ्यावर सुरूच्या बनात आहे. तो बराचसा वाळूखाली गेला होता; दुर्गप्रेमी स्वयंसेवकांनी श्रमदानाने वाळू उपसून त्याचा काही भाग मोकळा केला. खाडीच्या मुखाशी असलेला पाणकोट दुरून नांगरलेल्या गलबतासारखा दिसतो. तेथे केवळ ओहोटीच्या वेळी चालत जाता येते, म्हणून भरती-ओहोटीची वेळ स्थानिक मच्छीमारांना विचारूनच निघावे लागते. गावातील शीतलादेवीचे मंदिर व त्यापुढील तलाव हे केळव्याचे दुसरे आकर्षण होय.

तारापूरच्या किल्ल्याचा तट बाहेरून पाहता येतो. आतील जागेत खासगी वाडी असल्याने प्रवेशासाठी परवानगी घ्यावी लागते. खाडीपलीकडे चिंचणीचा लांबच लांब किनारा तुलनेने शांत आहे. गड चढण्याची आवड असणाऱ्यांसाठी पालघरजवळ काळदुर्ग आणि मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत अशेरीगड आहे.

खाद्यसंस्कृती

या किनाऱ्याचे जेवण जातीजमातींप्रमाणे व ऋतूंप्रमाणे बदलते, आणि त्यातील उत्तम भाग उपाहारगृहांत क्वचितच मिळतो. मांगेला व कोळी समाजाच्या घरी पापलेट, बोंबील, घोळ, मांदेली व कोळंबी यांचे कालवण तांदळाच्या भाकरीबरोबर खाल्ले जाते. आंबटपणासाठी चिंच, कोकम किंवा कैरी घालतात. जून व जुलै महिन्यांत मासेमारीवर बंदी असते. त्या काळात सुके बोंबील, जवळा व सोडे यांवर स्वयंपाक चालतो. पावसाळ्यात ताज्या पापलेटाची अपेक्षा ठेवणाऱ्या पर्यटकास मिळणारा मासा बहुधा बर्फातला असतो.

वाडवळ समाजाची उकडहंडी हा थंडीतील पदार्थ आहे. वालाच्या शेंगा, कोनफळ, रताळी, वांगी इत्यादी भाज्या मसाला लावून मडक्यात भरतात व पाण्याशिवाय वाफेवर शिजवतात. गुजरातच्या उंधियोशी तिचे नाते उघड आहे. आदिवासी पाड्यांतून येणारी नागलीची भाकरी आणि पहिल्या पावसानंतर बाजारात दिसणारी शेवळे व इतर रानभाज्या ही याच ताटाची दुसरी बाजू होय. उन्हाळ्यात रस्त्याकडेला ताडगोळे व नीरा मिळते. जिल्ह्यातील डहाणू-घोलवडचा चिकू व वाडा कोलम तांदूळ यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

बोईसरमध्ये औद्योगिक वसाहतीमुळे देशाच्या सर्व भागांतील कामगार आले. त्यामुळे तेथे उडुपी, पंजाबी व गुजराती जेवण सहज मिळते, स्थानिक जेवण मात्र शोधावे लागते. ते हवे असल्यास केळवे-माहीममधील घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवणे हा खात्रीचा मार्ग आहे.

निवास

केळवे येथे वाड्यांमधील घरगुती निवास व लहान रिसॉर्ट आहेत. शनिवार-रविवारी ती भरलेली असतात. बोईसरची हॉटेले प्रामुख्याने कारखान्यांत कामानिमित्त येणाऱ्यांसाठी आहेत, तर पालघरला साधे लॉज मिळतात. तारापूर गावात मुक्कामाची सोय नगण्य असल्याने बोईसर किंवा चिंचणीत राहणे सोयीचे पडते.

किनाऱ्यापुढील प्रश्न

सातपाटी हे पापलेटसाठी प्रसिद्ध बंदर आहे. रुपेरी पापलेटास २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्य मासा घोषित करण्यात आले. हा मान मिळाला तो पापलेटची आवक घटत असताना. पूर्ण वाढ न झालेली पिल्ले पकडली जाणे हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. औद्योगिक वसाहतीतील सांडपाणी खाड्यांत व समुद्रात जात असल्याच्या तक्रारीवरून अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. लवादाने २०२२ मध्ये प्रदूषणास जबाबदार उद्योगांनी भरपाई द्यावी, असा निर्णय दिला. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे विस्थापित झाली. चिंचणीच्या उत्तरेस वाढवण येथे होणाऱ्या मोठ्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. मासेमारीची क्षेत्रे जातील या कारणाने मच्छीमार संघटनांचा त्यास दीर्घकाळ विरोध आहे.

पोहोचण्याचे मार्ग

पश्चिम रेल्वेची विरार-डहाणू रोड उपनगरी सेवा २०१३ पासून सुरू आहे. केळव्यासाठी केळवे रोड, माहीम, शिरगाव व सातपाटीसाठी पालघर आणि तारापूर व चिंचणीसाठी बोईसर येथे उतरावे. तेथून पुढे एसटी बस व रिक्षा मिळतात. महामार्गावरून येणाऱ्यांना पालघरसाठी मनोरला आणि बोईसरसाठी चिल्हार फाट्याला वळावे लागते. उपनगरी गाड्यांची संख्या विरारपुढे बरीच कमी होते, त्यामुळे संध्याकाळी परतणाऱ्यांनी गाडीची वेळ आधी पाहून ठेवणे इष्ट ठरते.