नाणेघाटाने दिलेलं कवच

१५२१ साली जगाच्या दोन टोकांना दोन गोष्टी घडल्या. मेक्सिकोत १३ ऑगस्टला अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान स्पॅनिशांच्या हाती पडली. आणि इकडे कोकणात, चौलला, निजामशहाच्या परवानगीनं पोर्तुगीजांनी किल्ला बांधायला घेतला. चौल ज्या निजामशाहीचं बंदर, ती उभी राहिली जुन्नरातून. म्हणजे युरोपातला दर्यावर्दी तेव्हा जुन्नरच्या घाटाखाली येऊन ठेपला होता.

स्पेन आणि पोर्तुगाल हे सख्खे शेजारी. सारखीच माणसं, सारखीच गलबतं, अंगात रोगही तेच. मग मध्य मेक्सिकोतली मूळ वस्ती पुढच्या शंभर वर्षांत जेमतेम दहाव्या हिश्श्यावर का आली? आणि चौल, जुन्नर, आंबेगाव या बाजूला तसं काहीच का घडलं नाही?

आधी देवीचा रोग मेक्सिकोत पोचला कसा, तेच बघा. देवीचा विषाणू फक्त माणसात जगायचा. अंगात शिरल्यावर बारा-चौदा दिवस गप्प, मग ताप, फोड, खपल्या, आणि दोन-तीन आठवड्यांत निकाल: माणूस मेला, नाहीतर जन्मभरासाठी सुटला. गलबताला अटलांटिक ओलांडायला महिना-दीड महिना, कधी त्याहून जास्त. म्हणजे एकट्या आजारी खलाशाबरोबर हा रोग पलीकडे जाणं फार अवघड! एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी साखळी गलबतातच जुळायला हवी, आणि गलबतावरच्या बहुतेकांना तर देवी लहानपणीच येऊन गेलेल्या. कोलंबसानंतर पंचवीसएक वर्षं ही साखळी जुळली नाही. १५१८ च्या अखेरीस जुळली. आधी हिस्पॅनिओला बेट, मग क्यूबा, आणि १५२० मध्ये नार्व्हाएझच्या आरमाराबरोबर मेक्सिकोचा किनारा. हा नार्व्हाएझ आला होता आधीच मेक्सिकोत घुसलेल्या कोर्तेस या स्पॅनिश सेनापतीलाच पकडायला.

त्याच वर्षी ३० जूनच्या रात्री अझ्टेकांनी स्पॅनिशांना राजधानीतून हाकलून लावलं होतं. हो, अझ्टेक जिंकले होते! सरोवरात वसलेलं, दोनेक लाख वस्तीचं ते शहर. तेव्हाच्या युरोपातल्या बहुतेक शहरांहून मोठं. शरद ऋतूत तिथे देवी शिरली. नवा राजा क्वित्लावाक याची कारकीर्द जेमतेम ऐंशी दिवसांची. तो देवीनंच गेला. शहरातल्या वृद्धांनी पुढे साहागुन नावाच्या पाद्र्याला जे सांगितलं, ते त्याच्या ग्रंथात चित्रांसकट आहे: लोकांना कूस बदलता येत नव्हती, आणि कित्येक जण रोगापेक्षा भुकेनं मेले, कारण भरवायला कोणी उठू शकत नव्हतं.

इथे थांबा. सगळं रहस्य या एका वाक्यात आहे.

आपल्याकडे देवी यायच्या त्या मुलांना. गावातली मोठी माणसं लहानपणीच त्यातून गेलेली. तोंडावर व्रण, पण आता पूर्ण सुरक्षित. पोर तापानं फणफणलं की आजी उशाशी बसायची, आई पाणी पाजायची, बाप शेतावर जायचा. मुलं मरायची, फार मरायची. पण गाव चालत राहायचं. तेनोच्तित्लानात आजी, आई, बाप, पोर, पाणक्या, वैद्य, शिपाई सगळे एकाच पंधरवड्यात अंथरुणावर. चूल कोण पेटवणार? रोग तोच, पण तिथे तो शुश्रूषाच मोडून टाकत होता. त्यावर युद्ध, वेढा, पुढे गुलामी आणि वेठबिगार. गोवर आला, १५४५ आणि १५७६ मध्ये आणखी भयंकर साथी आल्या. सगळ्याचं मिळून ते शतक घडलं.

मग अझ्टेकांचं शरीर दुबळं होतं का? मुळीच नाही. रोगप्रतिकारशक्ती म्हणजे वेशीवरचा जागल्या. चोर एकदा पाहिला की पुढच्या वेळी तो दुरूनच ओळखतो. पण कधीच न पाहिलेला चोर त्याच्यासमोरून आत जातो. ही ओळख वारशानं मिळत नाही, प्रत्येक बाळाला ती नव्यानं करून घ्यावी लागते. अझ्टेकांच्या बाळांना ती संधी हजारो वर्षं मिळाली नव्हती, एवढाच फरक.

का मिळाली नव्हती? गोठा बघा. अझ्टेकांकडे पाळीव प्राणी म्हणजे मुख्यतः कुत्रा आणि टर्की. गाय नाही, म्हैस नाही, घोडा नाही, शेळी नाही. आणि माणसांच्या कितीतरी साथी जनावरांतून आलेल्या आहेत. गुरांच्या बुळकांडीचा विषाणू आणि आपला गोवर एकाच कुळातले, जवळचे नातलग. गुरांबरोबर राहिलेल्या माणसांनी हा रोग घेतला, सोसला आणि अंगवळणी पाडला. त्यातही गोष्ट अशी, की गोवराला टिकून राहायला अडीच ते पाच लाखांची एकमेकांत मिसळणारी वस्ती लागते. तेवढी माणसं नसतील तर सगळ्यांना होऊन तो आपोआप विझतो. एकट्या जुन्नरात गोवर कायमचा राहूच शकला नसता!

तो राहिला, कारण जुन्नर कधीच एकटं नव्हतं. कारण नाणेघाट.

कल्याण-सोपाऱ्याहून येणारा माल या खिंडीतून वर चढायचा, जुन्नरात यायचा, पुढे पैठणला जायचा. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आजही आहे. तिथल्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्यात यज्ञांची यादी आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती यांचे आकडे आहेत, गाईंचे तर हजारांनी. इतिहासाचे अभ्यासक तो लेख राजघराण्यासाठी वाचतात. मला त्यात मेक्सिकोकडे नव्हतं तेच दिसतं: माणसं आणि जनावरं, रात्रंदिवस एकमेकांच्या श्वासात.

आणि जुन्नरच्या लेण्यांतले दानलेख वाचा. दाते कोण? इरिल, चिट, चंद. तिघेही स्वतःला ‘यवन’ म्हणवतात, म्हणजे पश्चिमेकडून आलेले लोक. कोणी पाण्याची टाकी दिली, कोणी भोजनमंडप. पोर्तुगीज येण्याच्या तेराशे-चौदाशे वर्षं आधी पश्चिमेची माणसं जुन्नरात राहत होती, दान करत होती, आणि अर्थात खोकत-शिंकतही होती! जंतूंचा शिलालेख कोणी कोरत नाही. पण माणूस आला तिथे त्याचे रोग आले, याला वेगळा पुरावा लागू नये. विल्यम मॅकनील या इतिहासकारानं १९७६ मध्ये नेमका हाच विचार मांडला: चीन, भारत, रोम यांचे रोगांचे वेगवेगळे साठे व्यापारानं हळूहळू एकमेकांत मिसळत गेले. सातव्या-आठव्या शतकातल्या माधवनिदान या वैद्यकग्रंथात ‘मसूरिका’ या देवीसारख्या फोडांच्या रोगाला स्वतंत्र प्रकरण आहे. पोर्तुगीजांनी आणलेल्या देवीत आपल्या लोकांना नवं असं काहीच नव्हतं. किंमत आपणही मोजली होती, पण हप्त्याहप्त्यानं, शतकानुशतकं. अझ्टेकांना ती एकरकमी भरावी लागली.

आपलं रक्त काही खास आहे, असं मात्र समजू नका. सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. हाँगकाँगमध्ये तो दोन वर्षांपूर्वीच भडकला होता. दख्खननं प्लेग पूर्वी पाहिला होता, पण दोनशे वर्षांपूर्वी. जिवंत माणसांपैकी कोणाच्याच शरीराला त्याची ओळख नव्हती. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. पुढच्या दोन-अडीच दशकांत भारतात एक कोटीहून अधिक माणसं या रोगानं मेली.

आता याच गोष्टीची उलटी बाजू, आणि ती तुमच्या शेतातच आहे. नारायणगावच्या बाजारात जो टोमॅटो क्रेटनं उतरतो, तो अझ्टेकांच्या बाजारात विकला जायचा. आंबेगावच्या सातगाव पठारावर पावसाच्या भरवशावर लावतात तो बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. पिकं जहाजांनी इकडे आणली आणि मागोमाग त्यांचा रोगही आला. ढगाळ, दमट हवेत पानांवर तेलकट डाग पडून दोन-चार दिवसांत रान काळं करणारा करपा! उशिरा येणाऱ्या या करप्याचं माहेर अनेक अभ्यासकांच्या मते मध्य मेक्सिकोतलं तोलुकाचं खोरं, म्हणजे अझ्टेकांच्याच राज्याचा मुलूख.

१८४५ मध्ये तो आयर्लंडला पोचला. तिथला बटाटा जवळजवळ सगळा एकाच जातीचा, कंदापासून कंद वाढवलेला, करप्याला सर्वस्वी अनोळखी. दहाएक लाख माणसं उपासमारीत आणि पाठोपाठच्या रोगराईत गेली. १८७० ते १८८० च्या दरम्यान करपा निलगिरीत दिसला, आणि पुढे देशभर. इकडे मेक्सिकोतले रानटी बटाटे करप्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले; ते त्याला दाद देत नाहीत. पैदासकारांनी करपा सोसणाऱ्या जाती तयार करायला गुण घेतले ते त्यांच्याकडूनच. माणसाबाबत जी ओळख तेनोच्तित्लानला मिळाली नाही, ती बटाट्याबाबत मेक्सिकोच्या रानात आधीपासून होती!

देवीचा शेवट आपण पाहिला. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ मधला, आणि मे १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली. त्याच सुमारास देवी टोचणं थांबलं. आज जुन्नर-आंबेगावातल्या चाळिशीच्या आतल्या कोणाच्याही दंडावर देवी टोचल्याचा वण नाही. देवीच्या बाबतीत ही सगळी पिढी १५२० च्या तेनोच्तित्लानइतकीच अनोळखी आहे. सुदैवानं तो विषाणू आता अधिकृतपणे फक्त दोन प्रयोगशाळांत आहे, अमेरिकेत अटलांटाला आणि रशियात कोल्त्सोव्होला.

गोवर मात्र कुठल्याही प्रयोगशाळेत बंद नाही, तो गावोगाव फिरतो. त्याची ओळख आजारी न पडता करून देणारी लस प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते. घरात बाळ असेल तर पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान, दोन्ही चुकवू नका.