दळण्यापूर्वीची निवड : एकेका पेशीचा अभ्यास आणि व्याधिज्ञान

गेल्या वर्षी एका औषधनिर्मात्याचे माहितीपत्रक आमच्या चिकित्सालयात आले. कासश्वासावरील अवलेहाची ती जाहिरात होती. मुखपृष्ठावर रंगीत ठिपक्यांचे पुंजके छापलेले होते व खाली मजकूर होता, की हा अवलेह 'श्वसनमार्गाच्या पेशीपेशीवर' कार्य करतो. हे ठिपके कशाचे, असे आम्ही प्रतिनिधीस विचारले. त्यास सांगता आले नाही. खरे सांगावयाचे तर त्या वेळी आम्हांसही ते सांगता आले नसते. त्यानंतर जे वाचले व जाणकार स्नेह्यांकडून जे समजून घेतले, ते व्यवसायबंधूंपुढे आणि फार्मसीचालकांपुढे ठेवण्यासाठी हा लेखप्रपंच.

फार्मसीत कच्चा माल येतो तेव्हा जाणकार माणूस पोते ओतून मुळे हाताने निवडतो. दशमुळांत भलतेच एखादे मूळ आले असेल तर ते तेथेच हाती लागते. एकदा भरड झाली, की रंग, वास, रुची सारे सरासरीचे होते आणि शंभरातले एक मूळ शोधणे दुरापास्त होते. आधुनिक विज्ञानानेही मानवी ऊतींचा अभ्यास बराच काळ भरड करूनच केला. शरीरातील बहुतेक सर्व पेशींत तीच जनुके असतात; प्रथिने घडविणारी जनुके सुमारे २०,००० आहेत. यकृताची पेशी आणि त्वचेची पेशी यांत भेद पडतो तो कोणती जनुके जागी आहेत यामुळे. जाग्या जनुकाची नक्कल म्हणजे संदेशवाहक आर.एन.ए. पूर्वी लक्षावधी पेशी एकत्र करून त्यांतील संदेश मोजले जात. येणारा आकडा सरासरीचा असे, आणि विरळ पेशीचा आवाज त्या गलबल्यात विरून जाई.

आता पेशी एकेक करून वाचता येते. (यास मराठीत 'एकपेशीय जीवशास्त्र' म्हणण्याचा मोह आवरावा. एकपेशीय म्हणजे अमीबा. येथे जीव बहुपेशीयच आहे.) २००९ मध्ये केंब्रिजच्या अझीम सुरानी यांच्या गटाने उंदराच्या भ्रूणातील एकाच पेशीचे संदेश या रीतीने वाचून दाखविले. २०१५ मध्ये हार्वर्डमधील गटांनी हे काम हजारो पेशींवर एकाच वेळी करण्याची युक्ती प्रसिद्ध केली. ऊतीतील पेशी विकरांच्या साहाय्याने सुट्या करतात. अतिसूक्ष्म नळीतून त्या तेलात तरंगणाऱ्या जलबिंदूंत सोडतात. शक्यतो एका थेंबात एक पेशी आणि एक मणी. प्रत्येक मण्यावर निराळा बारकोड असतो. पेशी फुटली की तिचे संदेश त्या बारकोडास चिकटतात. पुढे सर्व थेंब एकत्र केले तरी हरकत नसते, कारण कोणता संदेश कोणत्या पेशीचा हे चिठ्ठीवरून कळते.

येथून संगणकाचे काम सुरू होते. हजारो पेशी आणि प्रत्येकीपुढे हजारो जनुकांचे आकडे, असा अजस्र तक्ता तयार होतो. त्यातील बहुतांश घरांत शून्य असते. काही जनुके खरोखर निद्रिस्त असतात, काहींचा संदेश पकडण्यात सुटलेला असतो. सारख्या स्वभावाच्या पेशी जवळ आणून संगणक त्यांचे समूह पाडतो व हा प्रचंड पसारा कागदावर दोन मितींत उतरवितो. माहितीपत्रकावरील ठिपके ते हेच. प्रत्येक ठिपका म्हणजे एक पेशी. मात्र किती समूह पाडावयाचे हे बऱ्याच अंशी संशोधकाने दिलेल्या मापावर अवलंबून असते, आणि दोन पुंजक्यांमधील अंतर पाहून त्या पेशी एकमेकींपासून किती भिन्न, हे ठरविता येत नाही. चित्र सुंदर दिसते, म्हणून ही मर्यादा लवकर विसरली जाते.

याचा व्याधिज्ञानास काय उपयोग झाला, हे सिस्टिक फायब्रोसिसच्या उदाहरणावरून चांगले कळते. या आनुवंशिक व्याधीत श्वसनमार्गातील श्लेष्मा घट्ट होऊन साचतो, वारंवार संसर्ग होतो, अग्न्याशयाचे पाचकस्राव अडतात आणि घाम अतिशय खारट असतो. त्यास कारणीभूत असलेले सी.एफ.टी.आर. हे जनुक १९८९ मध्ये सापडले. ते क्लोराइडच्या वाहतुकीचे द्वार घडविते. परंतु श्वसनमार्गातील नेमक्या कोणत्या पेशीत ते मुख्यत्वे जागे असते, याविषयी मतभेद राहिले. २०१८ मध्ये अमेरिकेतील दोन गटांनी श्वसनमार्गाच्या पेशी एकेक वाचल्या व दोघांनाही एक अनोळखी पेशी आढळली. माशांच्या कल्ल्यांत व बेडकाच्या त्वचेत क्षारांची ने-आण करणाऱ्या पेशींशी साम्य असल्याने तिचे नाव आयनोसाइट ठेवले गेले. ती शेकडा एकाच्या आसपास, किंबहुना त्याहूनही विरळ, तरी सी.एफ.टी.आर.चे संदेश तिच्यात इतर कोणत्याही पेशीहून कितीतरी अधिक. भरडीत ती कधीच दिसली नव्हती.

या व्याधीचे मूळच सापडले, अशी भावना तेव्हा झाली. पुढची गोष्ट मात्र अधिक बोधप्रद आहे. २०२१ मध्ये मानवी श्वसनमार्गाच्या अभ्यासातून असे दिसले, की आयनोसाइटमध्ये दर पेशीमागे संदेश अधिक असले तरी स्रावी पेशींची संख्या मोठी असल्याने एकूण कार्यात त्यांचाच वाटा मोठा आहे. जनुकोपचार करावयाचा तर औषध कोणत्या पेशीपर्यंत पोहोचवावयाचे, हा प्रश्न यावर अवलंबून आहे. आम्हांस यात विज्ञानाची फजिती दिसत नाही. एका पेशीचे बळ आणि समूहाचे बळ हे दोन निराळे हिशेब आहेत, आणि दोन्ही करावे लागतात.

या व्याधीविषयी आम्ही इतके लिहितो त्यास खासगी कारण आहे. काही वर्षांपूर्वी दोन वर्षांचे एक बालक आमच्याकडे आले. वारंवार कास, दुर्गंधी व तेलकट मलप्रवृत्ती, आणि खाऊनपिऊनही वजन वाढेना. आजी बोलता बोलता म्हणाली, "नातवाचा मुका घेतला की ओठाला मीठ लागतं हो." आम्ही त्या वाक्याकडे लक्ष दिले नाही. बालशोष समजून तीन महिने दीपन-पाचन व बृंहण करीत राहिलो. अखेर बालरोगतज्ज्ञांनी घामातील क्लोराइड मोजून घेतले, ते ६० मिलिमोल प्रतिलिटरच्या वर निघाले आणि निदान झाले. ते तीन महिने आमच्या हिशेबी आहेत. अशी लक्षणे एकत्र दिसल्यास वैद्यांनी ही तपासणी विनाविलंब करवून घ्यावी. त्यासाठी पेशींचा नकाशा लागत नाही.

नकाशाचे काम मात्र जगभर चालू आहे. मानवी पेशींचा संपूर्ण नकाशा तयार करण्याच्या 'ह्युमन सेल अॅटलस' या प्रकल्पाचा प्रारंभ २०१६ मध्ये लंडन येथील बैठकीने झाला. आशियातील पाच देशांच्या, त्यांत भारतही आला, ६१९ व्यक्तींच्या रक्तातील बारा लाखांहून अधिक पेशींचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. वंश, वय व लिंग यांनुसार निरोगी माणसांतही पेशींचे प्रमाण बदलते, असे त्यातून दिसते. प्रकृतिभेद मानणाऱ्या आमच्या शास्त्रास याचे आश्चर्य वाटू नये. तथापि 'हीच आमची प्रकृती' असे म्हणण्याची घाईही नको. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील सातव्या अध्यायात शरीरावयव परमाणुभेदाने असंख्य सांगितले आहेत. परमाणू म्हणजेच पेशी, असे काही व्याख्यानांतून ठासून सांगितले जाते. आम्हीही पूर्वी एकदा सांगितले होते. ते चूक होते. तेथील विचार अतिसूक्ष्म, इंद्रियातीत घटकांचा आहे; पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसते.

आता पुन्हा त्या अवलेहाकडे. एखादे औषध अमुक पेशीवर कार्य करते असे म्हणावयाचे असेल तर औषधापूर्वी व नंतर, आणि औषध न दिलेल्या रुग्णांतही, पेशी वाचल्या पाहिजेत. येथे मोठा सापळा आहे. एका रुग्णाच्या दहा हजार पेशी म्हणजे दहा हजार रुग्ण नव्हेत. त्या एकाच देहातील असल्याने परस्परांसारख्या असतात. प्रत्येक पेशीस स्वतंत्र पुरावा मानून गणित केले तर क्षुल्लक फरकही सिद्धांतासारखा दिसू लागतो. शिवाय एक नमुना सोमवारी व दुसरा शुक्रवारी तपासला तर त्या दोन दिवसांचा फरक औषधाचा गुण म्हणून मिरवू शकतो. ऊतीतून सुट्या करतानाही काही नाजूक पेशी मरतात व काहींचा स्वभाव बदलतो.

म्हणून आम्ही त्या निर्मात्यास पत्राने तीन प्रश्न विचारले : पेशी कोणाच्या, रुग्ण किती, आणि औषध न घेतलेले किती? दीड महिन्याने उत्तर आले. ते चित्र मुखपृष्ठाच्या सजावटीसाठी घेतले होते, असे त्यात म्हटले होते. पुढील आवृत्तीत त्या जागी अडुळशाचे चित्र आहे.