लसीच्या रांगेतील आपला क्रमांक

साथीचा रोग पसरला की त्यावरील लसीची वाट सारेच पाहतात. परंतु लस तयार झाली म्हणजे ती त्याच दिवशी सर्वांना मिळते असे नाही. आरंभी मात्रा थोड्या असतात आणि घेणारे पुष्कळ. म्हणून क्रम लावावा लागतो. आपला क्रमांक केव्हा येईल, याचा अंदाज प्रत्येकाला बांधता आला पाहिजे. गावी केव्हा जावे, कामावर केव्हा परतावे, घरातील वृद्धांना किती दिवस जपावे, हे निर्णय त्या अंदाजावर अवलंबून असतात. हा अंदाज कसा बांधावा, हे आपण २०२१ सालच्या कोरोना लसीकरणाच्या उदाहरणावरून पाहू.

क्रम कसा ठरला?

बेंगळुरू शहराच्या आग्नेय भागात, कोरमंगलाकडून सर्जापूर गावाकडे जाणारा सर्जापूर रोड आहे. या रस्त्यावर संगणक कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत, उंच गृहसंकुले आहेत आणि नव्या इमारतींची बांधकामेही आहेत. नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून आलेली कुटुंबे येथे राहतात. समजा, अशाच एका संकुलात चार माणसे आहेत: रुग्णालयात काम करणारी परिचारिका, सहासष्ट वर्षांच्या आजी, ऑगस्ट १९७६ मध्ये जन्मलेला पहारेकरी आणि अठ्ठावीस वर्षांचा अभियंता. यांपैकी प्रथम कोण?

भारतात लसीकरणाचा आरंभ १६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्य कर्मचाऱ्यांपासून झाला. म्हणजे परिचारिकेचा क्रमांक पहिला. १ मार्चपासून साठ वर्षांवरील नागरिक आणि गंभीर आजार असलेले ४५ ते ५९ वर्षांचे नागरिक पात्र झाले. त्यात आजी आल्या. १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्वांना आणि १ मेपासून १८ वर्षांवरील सर्वांना दार उघडले. रोगाशी संबंध येण्याचा संभव आणि रोग झाल्यास प्राणाला असलेला धोका, हे या क्रमाचे दोन निकष होते. पद आणि पगार यांना त्यात स्थान नव्हते.

पहारेकऱ्याचे वय १ एप्रिलला चव्वेचाळीसच होते. तरीही तो त्या दिवशी पात्र ठरला, कारण वय १ जानेवारी २०२२ या दिवशी किती होईल, हे धरले जात असे. नियमाचे एक वाक्य नीट वाचले नसते, तर त्याने आणखी एक महिना उगाच वाट पाहिली असती.

अंदाजाचे गणित

अंदाज बांधताना तीन प्रश्न विचारावेत: आपण कोणत्या गटात आहोत? आपल्या पुढे किती माणसे आहेत? रोज किती मात्रा दिल्या जातात?

सरकारच्या मूळ योजनेत अग्रक्रमाच्या गटांत सुमारे ३० कोटी माणसे होती: १ कोटी आरोग्य कर्मचारी, २ कोटी आघाडीवरचे कर्मचारी आणि २७ कोटी वयस्क व आजारी नागरिक. प्रत्येकाला दोन मात्रा, म्हणजे ६० कोटी मात्रा झाल्या. रोज ३० लाख मात्रा दिल्या, तर ६० कोटींना २०० दिवस लागतील; रोज २० लाख दिल्या, तर ३०० दिवस. म्हणून एकच तारीख मनात धरू नये. ‘लवकरात लवकर’ आणि ‘उशिरात उशिरा’ अशा दोन तारखा काढाव्यात.

या हिशोबाने अभियंत्याने ऑगस्ट ते नोव्हेंबर असा अंदाज बांधला असता. प्रत्यक्षात तो १ मे रोजीच पात्र झाला. तोवर देशात सुमारे साडेपंधरा कोटी मात्रा दिल्या गेल्या होत्या, म्हणजे ६० कोटींच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. पुढचे गट पूर्ण होण्याआधीच नवा गट खुला करण्याचा निर्णय झाला होता. गणित वेग सांगते. दार केव्हा उघडायचे, हे धोरण ठरवते. म्हणून नवा निर्णय झाला की अंदाज पुन्हा करावा लागतो.

पात्रता आणि प्रत्यक्ष लस

पात्र होणे आणि लस मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. १८ ते ४४ वयोगटात सुमारे ५९ कोटी लोक होते. लस मात्र तेवढी नव्हती. मे २०२१ च्या मध्यास महाराष्ट्राने आणि कर्नाटकानेही या वयोगटाचे सरकारी लसीकरण तात्पुरते थांबवले आणि उपलब्ध मात्रा दुसऱ्या मात्रेची वाट पाहणाऱ्यांकडे वळवल्या.

शिवाय या गटाला आरंभी संगणकावर किंवा मोबाइलवर आगाऊ नोंदणी करूनच वेळ घ्यावी लागे. अभियंता आणि शेजारच्या बांधकामावरील तरुण गवंडी एकाच दिवशी पात्र झाले. पण ज्याच्याजवळ स्मार्टफोन नाही, त्याने वेळ कशी मिळवावी? २४ मे रोजी सरकारी केंद्रांवर प्रत्यक्ष जाऊन नोंदणी करण्याची मुभा देण्यात आली. २१ जूनपासून सर्व प्रौढांसाठी केंद्र सरकार राज्यांना विनामूल्य लस पुरवू लागले. कागदावरचा समान क्रम प्रत्यक्षात समान व्हावा, यासाठी अशा सोयी आवश्यक असतात.

दुसऱ्या मात्रेचा हिशोबही बदलू शकतो. पुण्यात तयार होणाऱ्या कोविशील्डच्या दोन मात्रांतील अंतर १३ मे २०२१ रोजी १२ ते १६ आठवडे करण्यात आले. ज्याने ३० एप्रिलला पहिली मात्रा घेतली, त्याची दुसरी मात्रा जूनऐवजी २३ जुलैपर्यंत लांबली.

अशी वेळ पुन्हा आली, तर ऐकीव गोष्टींवर विसंबू नये. सरकारी सूचना मुळातून वाचावी, आपला गट ओळखावा, ओळखपत्र तयार ठेवावे आणि दोन तारखांमधला अंदाज बांधावा. ज्याला ते वाचता येत नाही, अशा शेजाऱ्यालाही त्याचा क्रमांक सांगावा. साथीच्या काळात एकाचे रक्षण हे सर्वांचेच रक्षण असते.

स्वाध्याय
१. पहारेकरी चव्वेचाळीस वर्षांचा असूनही १ एप्रिलला पात्र का ठरला?
२. तुमच्यापुढे १२ लाख माणसे आहेत, प्रत्येकाला दोन मात्रा द्यावयाच्या आहेत आणि शहरात रोज ४० हजार मात्रा दिल्या जातात. तुमचा क्रमांक किती दिवसांनी येईल?
३. ‘पात्र होणे आणि लस मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.’ सोदाहरण स्पष्ट करा.