"गिऱ्हाईक का येत नाही?" याचं उत्तर शोधणारं आपल्या नाशिकचं विद्यापीठ



"गिऱ्हाईक येत नाही" ही तक्रार मला प्रत्येक बॅचमध्ये ऐकायला मिळते. मी विचारतो, "का येत नाही, हे कधी त्याला विचारलं का?" बहुतेक जण गप्प बसतात.

आज ज्या संस्थेबद्दल बोलायचंय, ती याच प्रश्नावर उभी आहे. ती कंपनी नाही, सरकारी विद्यापीठ आहे. विंचूरहून नाशिकला गेलात की गंगापूर धरणाजवळ, गोवर्धनला तिचं मुख्यालय. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. "ज्ञानगंगा घरोघरी" हे त्याचं ब्रीदवाक्य.

1989 मध्ये ते सुरू झालं. पहिले कुलगुरू राम ताकवले. त्याआधी ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते, म्हणजे नेहमीचं विद्यापीठ त्यांनी आतून पाहिलेलं. ब्रिटनमध्ये 1971 पासून ओपन युनिव्हर्सिटी बीबीसीच्या रेडिओ-टीव्हीवरून नोकरदारांना शिकवत होती. आपल्याकडेही शिकायची इच्छा असलेले पण कॉलेजला न येणारे लोक भरपूर होते. लग्न होऊन आलेली सून, शिफ्टमध्ये काम करणारा कामगार, द्राक्षबाग सोडून हलू न शकणारा शेतकरी. यांना शिक्षण नको होतं असं नाही. कॉलेजच्या अटी जमत नव्हत्या.

मग विद्यापीठाने काय केलं?

एकेक अट बाजूला काढली. रोज हजेरी लावायची अट काढली. वयाची अडचण काढली. पुस्तकं अशी लिहून घेतली की समोर मास्तर नसला तरी घरी बसून समजतील, आणि भरपूर विषय मराठीत ठेवले. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम काढला. तो केला की पुढे पदवीची वाट मोकळी व्हायची. (आज प्रवेश घ्यायचा असेल तर त्या वर्षीचं माहितीपुस्तक आधी वाचा, नियम बदलत असतात.)

आता धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात हुशारीची गोष्ट. विद्यापीठाचं काम अख्ख्या महाराष्ट्रात, पण म्हणून गावोगावी इमारती बांधत बसले नाहीत. आधीपासून चालू असलेल्या कॉलेजांमध्येच अभ्यासकेंद्रं दिली. बाकं तीच, फळा तोच, शिकवणारेही बरेचदा तिथलेच. फक्त वेळ वेगळी, सुट्टीच्या दिवसाची.

तुम्ही मसाले करता आणि गाळ्याचं डिपॉझिट परवडत नाही? मग ज्या किराणा दुकानात आधीच गर्दी आहे, तिथे एक फळी मागा. विकल्या मालावर कमिशन द्या. गाळा नंतर बघू.

आजूबाजूच्या लोकांचं काय?

नाशिक म्हणजे शेती. म्हणून विद्यापीठाने फळबाग, भाजीपाला, फुलशेतीचे शिक्षणक्रम काढले. माळीकामाचं प्रमाणपत्रसुद्धा आहे. विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र शेतकऱ्यांना प्रशिक्षण देतं. तिथे शिकायला डिग्रीची गरज नाही. आपल्या गावात काय पिकतं, कशावर घरं चालतात, ते बघून माल ठरवला. नुसतं पुण्या-मुंबईत चालतं म्हणून इथे आणलं नाही.

एक गोष्ट मात्र सोडली नाही, परीक्षा. येण्याच्या अटी सैल केल्या, पण पास व्हायला अभ्यास करावाच लागतो. रोज मागे लागणारं कोणी नसतं, त्यामुळे फॉर्म भरून मध्येच सोडणारेही असतात. आपणही हेच लक्षात ठेवायचं. घरपोच द्या, वेळ बदला, सुटं विका, पण वजनात आणि दर्जात सूट नाही.

आता माझी चूक सांगतो

माझ्या दुकानात काउंटरला एक ताई होत्या. बारावीनंतर लग्न झालेलं, दोन मुलं. मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करत होत्या. दुपारी गर्दी ओसरली की काउंटरखालून पुस्तक काढायच्या. पेपर आले नेमके मे महिन्यात. त्या म्हणाल्या, "भाऊ, पेपरच्या दिवशी सुट्टी लागेल." मी म्हणालो, "ताई, लग्नसराईत सुट्टी? नंतर द्या ना परीक्षा."

त्या काही बोलल्या नाहीत. महिना भरला, पगार घेतला आणि काम सोडलं. पेपर दिले, पुढे डिग्रीही घेतली. आज दुसऱ्या एका दुकानाचा सगळा हिशेब आणि जीएसटी त्या बघतात. मी त्याच कामासाठी बाहेर पैसे मोजतो.

मी स्वतः बीबीए. रोज कॉलेजला जाऊन शिकलो, म्हणून मला ती अडचण कधी दिसलीच नाही. एका विद्यापीठाने तिच्यासाठी वेळ बदलली, पुस्तक घरी दिलं. मला फक्त पेपरपुरती सुट्टी द्यायची होती, तेवढंही जमलं नाही. आता माझ्याकडे कामाला घेतानाच विचारतो, "शिकताय का? पेपर कधी?" आणि त्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवतो.

या आठवड्याचं काम

वहीचं एक पान घ्या. ज्यांना तुमचा माल हवाय पण जे येत नाहीत, अशी पाच माणसं लिहा. प्रत्येकाला जाऊन कारण विचारा. वेळ? अंतर? पूर्ण पाकीट घ्यायला पैसे नाहीत? की आत यायला संकोच? त्यातली एकच अडचण या आठवड्यात काढा.

आणि त्या पाचांत तुमच्याकडे काम करणारं एक माणूस धरा. त्यालाही विचारा. मी विचारलं नव्हतं.